दुसरी किल्ली

मी किल्ली बोलतेय. दुसरी किल्ली. पहिली रोज आमच्या भाडेकरूच्या खिशात बसून शहरभर हिंडते आणि मी चमच्यांच्या खणात पडून असायचे. जन्म दोघींचा एकाच यंत्रावर, पाच मिनिटांच्या अंतराने. पण नशीब बघा!

घरमालकिणीने आम्हाला भाडेकरूच्या हातावर ठेवलं तेव्हा ती म्हणाली होती, "एक तुम्हाला, एक तुमच्या विश्वासातल्या माणसाला. दार ओढलं की आपोआप लागतं, सांभाळा." त्याने मान हलवली. या शहरात येऊन त्याला तीनच दिवस झाले होते. विश्वासातलं माणूस आणणार कुठून?

तो दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर परक्यांच्या हसण्याची सोय करायची आणि घरी येऊन भिंतीकडे बघत जेवायचं. मजल्यावर चार दारं, चार देशांची माणसं. जिन्यात भेटले की मान डोलावतात आणि आपापल्या दारात गडप होतात.

दर रविवारी त्याच्या ताईचा फोन यायचा. "जेवतोस ना वेळेवर? आणि दुसरी किल्ली दिलीस का कुणाकडे?"

"दिली गं, शेजारच्या काकांकडे. फार चांगले आहेत."

पुढच्या रविवारी काकांचे गुडघे दुखायला लागले. त्याच्या पुढच्या रविवारी काका बुद्धिबळ खेळायला लागले. मी खणात पडल्या पडल्या सगळं ऐकायचे. राग नाही यायचा, वाईट वाटायचं.

असे आठ महिने गेले. मग एका सकाळी तो कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर गेला आणि मागे दार लागलं. खट्! पहिली किल्ली कोटाच्या खिशात, फोन टेबलावर, मी खणात. आम्ही सगळे आत आणि तो बाहेर, पायांत सपाता घालून.

बराच वेळ तो जिन्यावर बसला. पावलं शेजारच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. अरे, वाजव की बेल! अखेर वाजली.

शेजारी खरंच एक म्हातारा निघाला, आपल्या देशात बस चालवून निवृत्त झालेला. दोघांजवळ मिळून इथल्या भाषेतले शंभरेक शब्द. पण त्याने कुलूपवाल्याला बोलावलं. कुलूपवाला कुलपाशी खुटखुट करत म्हणाला, "दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

"आत."

"आत? मग तिचा उपयोग काय हो?"

मी शरमेने चमच्यांखाली शिरायचीच बाकी होते.

दार उघडल्यावर आमच्या भाडेकरूने सरळ खण ओढला आणि मला म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवलं. म्हातारा आपल्या घरात गेला आणि स्वतःची दुसरी किल्ली घेऊन आला. तिच्यावर गंज चढला होता. "अकरा वर्षं," तो म्हणाला.

आता मी म्हाताऱ्याच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते. म्हातारा रेडिओ लावून एकटाच बसतो. पलीकडे तोही एकटाच जेवतो. मधली भिंत पातळ आहे, म्हणून परवाचा स्पीकरवरचा फोन मला ऐकू आला.

"ताई, किल्ली दिली शेजारी."

"अरे, ती तर तू मागेच दिली होतीस ना?"

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. मग ताईने हळूच विचारलं, "बुद्धिबळ खेळतात का रे ते?"

"विचारलं नाही अजून."

विचार की रे. मी इथेच आहे, दाराशी.