सगुणाचा थर

सगुणा गेल्याचं गावाला कळलं, त्या दिवशी तलाव शिंगाड्याच्या वेलांनी हिरवागार झाला होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून गाडी आली, बांधावर थांबली. सगुणाचा नवरा, मोतीराम ढिवर, टोपी हातात घेऊन उतरला. पाणी शांत होतं. बगळे शांत होते. मासळी निवडणाऱ्या बायांचे हात तेवढे थांबले.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. नवं मडकं ऐनवेळी तडकलं, म्हणून कुणीतरी किराण्याची निळी पिशवी आणली. सगुणाच्या अस्थी पिशवीत बांधल्या गेल्या.

मोतीराम डोंगा घेऊन तलावाच्या मध्यावर गेला. पिशवी सोडायची, अस्थी ओंजळीनं पाण्याला द्यायच्या, एवढंच काम. जन्मभर जाळ्यांच्या गाठी सोडवलेले ते हात. पण गाठ सुटली की आत बघावं लागणार होतं. त्यानं पिशवीला दगड बांधला आणि ती तशीच खाली जाऊ दिली. निळा रंग हिरव्यात गेला, हिरवा काळ्यात.

"नीट सोडली ना भाऊजी?" काठावर भावजयीनं विचारलं.

"सोडली," तो म्हणाला.

वैशाखात पाणी उतरलं, उन्हानं तळ्याचे काठ भेगाळले, तेव्हा नागपूरच्या एक मॅडम आल्या. त्यांना अभ्यासासाठी तलावाचा गाळ हवा होता. मोतीरामच्याच डोंग्यातून त्यांनी लांब नळी तळात रोवली, वर ओढली आणि बांधावर उभी चिरली.

ओला चिखल उन्हात उघडा पडला. करड्यावर तपकिरी, तपकिरीवर काळा. वर्षांवर वर्षं निजलेली.

"खाली नुसता पाऊस आणि पानं," मॅडम म्हणाल्या. "इथून कोळशाची राख सुरू होते. आणि इथं अणुबॉम्बच्या चाचण्यांची धूळ असेल, साठ सालाच्या आसपासची. डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला कळते. ती सापडली की थराचं वय ठरतं."

"आमच्या तलावात बॉम्बची धूळ? आमी कोनाचं काय केलं होतं?"

"धूळ विचारून पडते का, काका? आणि हा वरचा हिरवा धागा बघा. हा काही परदेशातून आलेला नाही. तुमच्याच नायलॉनच्या जाळ्याचा, प्लास्टिकच तो."

मोतीराम हसला. मग हसू विझलं.

"मॅडम, पिशवी किती दिस टिकते? चिखलात?"

"ऊन नाही, हवा नाही. आपली पतवंडं म्हातारी होतील तरी राहील. पुढं कुणी असाच गाळ काढेल आणि म्हणेल, ही माणसं प्लास्टिकच्या काळातली."

मोतीरामची मान खाली गेली. ही माणसं. पण तिथं माणसं नव्हती, सगुणा होती. तिचा चिखल व्हायचा होता, चिखलाचं कमळ, कमळाखालची मासळी. साऱ्या तलावात मिसळायची ती बाई त्यानं एका निळ्या पिशवीत कोंडली होती. डोळे भरतील म्हणून. फक्त तेवढ्यासाठी.

"तुमच्या नळीत येईल का वर, एखादी पिशवी?"

"नळी मनगटाएवढी, काका. तलाव केवढा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटा निघाला, लांब बांबूला आकडा बांधून. डोंगा फिरला, बांबू बुडाला, वर आला. शेवाळ आलं. कुजलेली पानं आली. कुणाचं तरी फाटकं जाळं आलं. पाण्यावर ऊन थरथरलं, गढूळलं, पुन्हा निवळलं. काठावरून भावजय बघत होती. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

सगुणा अजून पिशवीतच आहे. गाठ सोडायची राहिली आहे.