सतरावी ओळ

मुलीने कागदावर बोट ठेवलं ते थेट सतराव्या ओळीवर.

“हा बघा. याला मिळालाच ना एवढा पगार?”

टेबलापलीकडे बसलेल्या बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. या मार्गदर्शन केंद्रात मुलं त्यांना आकडेबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण जिन्यात हमखास. कुठल्या कॉलेजात किती खर्च येतो आणि तिथून बाहेर पडलेली मुलं पुढे काय करतात, हे त्या शोधून काढत. खर्च शोधणं सोपं होतं. मुलांचं मात्र एकेकाला फोन लावूनच कळायचं. कुणी तो उचलायचं नाही, कुणी नंतर बोलतो म्हणायचं आणि तो नंतर कधीच यायचा नाही. एरवी आकडेबाईंना तक्रार नव्हती. घरी त्या एकट्याच असत, त्यामुळे सोमवारचा पहिला फोन लावण्याआधी त्यांना खाकरून घ्यावं लागे. शुक्रवार संध्याकाळपासून गळ्याला काहीच काम नसे.

“एकाला मिळाला,” त्या म्हणाल्या. “बावीस जणांची तुकडी. अकरा जणांनी फोन उचलला. त्यातले चौघं अ‍ॅनिमेशनच्या कामात आहेत. बाकीच्यांचं खाली लिहिलंय.”

“पण माहितीपत्रकात तर शंभरातल्या ब्याण्णव मुलांना नोकरी असं छापलंय.”

“कॉलेजच्याच कार्यालयात तीन महिने फोन उचलायला ठेवलेली मुलंही त्यात धरलीत.”

मुलीच्या शेजारी तिची आत्या बसली होती. शिवणकाम करणारी, बोटांची टोकं सुईने खरबरीत झालेली. भावाच्या माघारी तिनेच या पोरीला वाढवलं होतं. चार वर्षांची फी भरायची म्हणजे दुकानाचा गाळा विकावा लागणार होता, आणि शुक्रवार ही शेवटची तारीख होती. आत्या हळूच म्हणाली,

“हा सतरावा खरं बोलला असेल ना हो?”

“आत्या! खोटं कशाला बोलेल तो?” मुलगी फिस्कारली. “मी त्याच्यासारखीच होणार. चित्रं माझी त्याच्याहून वाईट असतील का?”

आकडेबाईंनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. सतराव्याचा फोन त्यांना पक्का आठवत होता. सकाळी पावणेनऊ. नोकरीवाली मुलं त्याच वेळी सापडतात. मागे भांड्यांचा आवाज आणि बाईमाणसाची हाक, “अरे, कुणाचा फोन?” त्यानंतर पगार सांगताना त्याचा आवाज एकदम चढला होता. कंपनीचं नाव विचारलं, तेव्हा पुन्हा उतरला होता. माणूस सांगेल ते लिहायचं, असा केंद्राचा नियम होता. त्यांनी लिहिलं होतं.

“उद्या दुपारी या,” त्या म्हणाल्या. “मी एकदा खात्री करून घेते.”

दुसऱ्या दिवशी बरोबर पावणेनऊला त्यांनी फोन लावला.

“मी मार्गदर्शन केंद्रातून बोलतेय. मागे तुमची माहिती घेतली होती.”

“सांगितलंय की सगळं,” तो घाईने म्हणाला. मागे डब्याचं झाकण घट्ट बसवल्याचा आवाज आला.

“आई जवळ आहे का?”

झाकणाचा आवाज थांबला. मग, “हो.”

“मग तुम्ही काही सांगू नका. मी विचारते, तुम्ही नुसतं हो-नाही म्हणा. एक मुलगी त्याच कॉलेजात जायला निघालीय. तिची आत्या दुकान विकणार आहे. मुलगी तुमच्या पगाराकडे बघून जातेय.” आकडेबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. “तुम्हाला नोकरी नाहीये. बरोबर?”

पलीकडे कुणीतरी विचारलं, “ऑफिसचा का रे?”

“हो,” तो म्हणाला.

ते उत्तर नक्की कुणाला होतं, ते आकडेबाईंना कळेना. त्या थांबून राहिल्या. मग तो पुन्हा म्हणाला, या वेळी अगदी फोनला तोंड लावून, “हो. बरोबर आहे तुमचं.” आणि फोन ठेवला.

दुपारी मुलगी आली ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत, मागून आत्या. नव्या कागदावर तिने सतरावी ओळ शोधली. पगाराच्या रकान्यात छोटी आडवी रेघ होती.

“तुम्हीच खोडलंत.”

“त्याने सांगितलं म्हणून.”

“कालपर्यंत होता ना पगार? एका रात्रीत गेला?” तिचा आवाज चिरका झाला. “तुम्हाला कुणाचं बरं झालेलं बघवतच नाही. इथे बसून नुसते सगळ्यांचे आकडे कमी करता!”

आत्या “अगं” म्हणेस्तोवर मुलगी जिना उतरूनही गेली होती. आत्याने कागदाची नीट चौघडी केली, ती पिशवीत ठेवली आणि मान डोलवून तिच्यामागे निघाली. आकडेबाई त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर घरी गेल्या. जेवायला वाढून घेतलं आणि ताटासमोर नुसत्याच बसून राहिल्या.

गुरुवारी आत्या एकटीच आली. बसली नाही.

“नाही भरली फी. सरकारी कॉलेजात चित्रकलेला नाव घातलंय. परवडतंय तेवढं.” ती पदराचं टोक उगाचच तपासत राहिली. “माझ्याशी बोलत नाही पोरगी. जेवते, उठते, खोलीत जाते. तिच्या लहानपणापासून बडबड ऐकायची सवय हो, घर खायला उठतं. बरोबर केलं ना मी?”

“पाणी घेता?” आकडेबाईंनी विचारलं.

दोघी पाणी प्यायल्या. मग आत्या गेली.

शुक्रवारी सकाळी केंद्रातला फोन वाजला. इथून फोन जायचे, इथे यायचे क्वचितच.

“मी... मागे दोनदा बोललो होतो. आई जवळ होती तेव्हा.”

“बोला.”

“त्या मुलीचं काय झालं?”

“नाही गेली ती तिथे.”

“बरं झालं,” तो म्हणाला. फोन ठेवील असं वाटलं, पण त्याने ठेवला नाही. मागे मोठ्या खोलीचा सन्नाटा होता, कुणीतरी पान उलटलं. “मी वाचनालयात आहे. रोज इथेच येतो, सहापर्यंत. आई म्हणते, पोचलास की कळव. मग तिला कळवतो, पोचलो म्हणून.” तो थांबला. “कुठे पोचलो, ते कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हटलं, तुम्हाला सांगावं.”

आकडेबाईंच्या समोर दिवसभराची यादी पडली होती, चाळीस नंबरांची. त्यांनी ती बाजूला सारली.

“जागा बरी आहे का?”

“खिडकीजवळची मिळाली आज.”

“सोमवारीही सांगा,” त्या म्हणाल्या. “उद्या शनिवार, मला सुट्टी.”

“मलाही,” तो सवयीने म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. आधी तो हसला. वाचनालयात कुणीतरी त्याला दटावलं असावं, कारण त्याने हसू दाबलं. तोवर आकडेबाईही हसत होत्या.

हसू ओसरल्यावर त्यांनी त्याला घरचा नंबर सांगितला. तो इतक्या दिवसांत कुणी मागितला नव्हता, दोन आकडे आठवावे लागले. त्या सावकाश सांगत गेल्या, आणि तो हलक्या आवाजात एकेक आकडा त्यांच्यामागून म्हणत गेला.