ठरावाच्या दिवशीचं औक्षण

प्रतिमाबाईंना शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. अशा बाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस जाणार, हे गावाला ठाऊक होतं. त्यांचे यजमान भालचंद्रराव यांना तर जरा जास्तच ठाऊक होतं. या खेपेला बाईंनी मनावर घेतलं होतं ते असं: नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, शुभकार्यात तिला बाजूला बसवायचं नाही, असा ठराव नगरपालिकेनं करावा. ठरावानं कुणी तुरुंगात जात नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण दहाव्याला नदीवर जमलेल्या बायकांपुढे एखाद्या पोरीला कागद धरता येईल, 'थांबा' म्हणता येईल, एवढं तरी होईल असं त्या म्हणत.

पालिकेत कैक वर्षं प्रशासक होता. आता कुठं निवडणूक होऊन शालिग्रामभाऊ नगराध्यक्ष झाले होते. सातवीत त्यांनी बाईंच्या छड्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे बाईंना नाही म्हणणं त्यांना अवघडच होतं.

"ठराव घेऊ, बाई," ते म्हणाले. "पण वामनराव आडवे येतीन. सभा सुरू व्हायच्या आंधी दहा मिनिटं देतो तुमाले. भाषण नोका करू. जिच्यावर गुदरलं तिलेच आना."

बाईंनी काजलला आणायचं ठरवलं. काजल त्यांचीच विद्यार्थिनी. दीड वर्षापूर्वी तिचा नवरा गोविंदा विजेच्या खांबावर काम करताना गेला. दहाव्याला तिच्याबरोबर जे व्हायचं ते झालं. ते तिनं सोसलं. पण पोरीच्या वाढदिवसाला औक्षण करायला ताट हातात घेतलं आणि नणंदेनं ते काढून घेतलं, ते काही तिला विसरता येईना. "पोटची पोर माही, अन् मीच बाजूले," एवढंच ती बाईंजवळ बोलली होती. चारचौघांत बोलायला मात्र ती तयार नव्हती. बाई दोन महिने तिच्या घरी खेटे घालत होत्या. "तू बोललीस की ठराव होतो. मी आहे ना तुझ्याशेजारी," असं त्यांनी शंभरदा सांगितलं, तेव्हा कुठं ती कबूल झाली.

सभेच्या दिवशी काजल कपाळाला टिकली लावून आली. घरून निघताना पदर पुढं ओढला होता, पालिकेच्या जिन्यात मागं सारला. बाईंना तिचं फार कौतुक वाटलं.

नव्या नगराध्यक्षांची पहिलीच सभा, म्हणून सभागृहाच्या दारात औक्षणाची तयारी होती. ऑफिसातली एक कर्मचारी ताट घेऊन उभी होती. तेवढ्यात तिला साहेबांनी आत बोलावलं. "धर वं जराशी. भाऊ आले तं ओवाळजो," असं म्हणून तिनं ताट जवळ उभ्या असलेल्या काजलच्या हातात दिलं. तिला बिचारीला काजल कोण ते काय माहीत! काजलनं ताट दोन्ही हातांनी धरलं. तिचा चेहरा इतका उजळला, की दीड वर्षात बाईंनी तो तसा पाहिला नव्हता.

खाली गाडीचं दार वाजलं. शालिग्रामभाऊ जिना चढून वर आले, मागं दहा-बारा नगरसेवक, त्यांत वामनराव. काजल एक पाऊल पुढं झाली.

"आण इकडे," प्रतिमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या हातातलं ताट घेतलं.

भाऊंना कुंकू लावून झालं, ओवाळून झालं, अक्षता टाकून झाल्या. मग बाईंची नजर काजलकडे गेली. तिचे हात अजून ताट धरल्यासारखेच होते.

वामनराव पाहत होते, ऐन वेळी कुणी नाक मुरडलं असतं तर ठराव हुकला असता, म्हणून आपण घेतलं, असं बाईंनी मनाशी जुळवायला सुरुवात केली. पण ही सगळी कारणं मागून सुचली होती. हात आधीच गेला होता.

आत वामनरावांनी अपेक्षेप्रमाणे तोंड उघडलं. "बाई, तुमचा मान हाये आमाले. पण आपल्या गावात आता असं कोन करते? काऊन उगाच गावाले बट्टा लावून राह्यल्या? एक तं दाखवा!"

बाईंनी काजलकडे पाहिलं. काजल फरशीकडे बघत होती. शेजारी आहे म्हणणाऱ्या बाईंवर तिनं आता कसं विसंबावं? सभागृह वाट पाहत होतं. बाई उठल्या.

"आत्ताच झालं, वामनराव. तुमच्यासमोर. या पोरीच्या हातातलं ताट मी काढून घेतलं. ती विधवा आहे म्हणून घेतलं."

शालिग्रामभाऊंनी टेबलावर थाप मारली.

"वा, बाई! शाळेतही असंच करत होत्या तुमी. आंधी नाटक, मंग धडा!"

हशा पिकला, पाठोपाठ टाळ्या. वामनरावांनी तर हात जोडले. "मानलं, बाई. डोळ्यादेखत झालं अन् कोनालेच खटकलं नाही. लिहा, सूचक मीच."

नाटक नव्हतं, हे सांगायला बाईंनी तोंड उघडलं होतं. पण सगळं मनासारखं होत होतं, लोक कौतुकानं बघत होते. त्यांनी तोंड मिटलं आणि नमस्कार करून खाली बसल्या. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. लाजेनं त्यांचे कान तापले होते, आणि आजूबाजूच्यांना तो विनय वाटत होता.

बाहेर जिन्यात काजल थांबली.

"बाई, खरंच ठरवून केलं तुमी?"

तिच्या आवाजात आशा होती. एक 'हो' म्हटलं असतं तर दोघींचं भागलं असतं.

"नाही गं," बाई म्हणाल्या. "हात आपोआप गेला."

"मले समजलंच होतं. ठरवून केलं असतं तं हात थरथरला असता. माह्या नणंदेचाही थरथरला होता त्या दिवशी. तुमचा नाही थरथरला." हे तिनं रागानं म्हटलं नाही. तिनं पदर डोक्यावरून पुढं घेतला. "येतो, बाई. पोरगी शाळेतून आली असंन."

ती खाली उतरून गेली. वरून शिपायानं हाक मारली, "बाई, या न! फोटोसाठी समदे थांबले तुमच्यासाठी."

आता खरं सांगितलं तर ठराव फिसकटेल, असं बाईंनी स्वतःला बजावलं. ठराव तर केव्हाच लिहून, सह्या होऊन पक्का झाला होता, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्या वर गेल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि सत्काराची शाल घेतली.