चौदा लाल फुल्या

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. पण अक्षरं मोठी करणारा नव्हे. मी डोळ्यांवर चढलो की खोली तशीच दिसते आणि तिच्यात मी हवेत चित्रं उभी करतो. अमरावतीच्या एका फिजिओथेरपी केंद्रात मी कामाला आहे. तिथे बरेच जण मला खेळणं म्हणतात. म्हणोत बापडे.

मोर्शीची माणिकबाई संत्रा तोडताना शिडीवरून पडली. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, तरी हात वळेना. तोडणी दोन महिन्यांवर आली होती आणि टोळीचे मुकादम शेषराव यांनी निरोप पाठवला होता, हात पुरता चालला तरच ये.

मी तिच्यासमोर संत्री लटकवली. धरून खाली ओढलं की हिरवी खूण, नाहीतर लाल फुली. माझा खेळ लिहिणाऱ्यानं संत्रं फक्त टोपलीत पाहिलं असावं. माणिकबाई संत्रं धरी आणि ओढायचं सोडून मनगट पिळू पाही. मी ओळीनं चौदा फुल्या मारल्या. केंद्राचे ललित सर म्हणाले, बाईंना जमत नाही, चष्मा काढा.

गीतांजली ताई तिच्यावर उपचार करत. त्यांनी विचारलं, ओढत का नाही?

"असं वढलं तं देठापाशी सालटं फाटते, पोरी. फळ सडते. तुह्या चष्म्याले कोनं शिकवलं संत्रं तोडाले?"

ताई तिच्या मनगटाकडे बघतच राहिल्या. तीन आठवडे त्या जे वळण मागत होत्या, तेच ही बाई आपणहून देऊ बघत होती.

"सर, हात बरोबर आहे. फुल्या चुकल्या आहेत."

मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? ताईंनी माझं खुणा-फुल्या देणं बंद केलं आणि मनगट किती वळतं ते स्वतः मोजू लागल्या. पण संत्री मीच लटकवत होतो. रोज फांदी बोटभर उंच नेली. बाई मला शिव्या घाली, पण एक फळ सोडत नसे.

दिवाळीनंतर माणिकबाई टोळीत गेली. शेषरावांनी तिला पहिल्याच दिवशी शिडी दिली.

आता नवा चष्मा येतोय म्हणे. मला खुशाल कपाटात टाका, मी रडणार नाही. मात्र मित्रांनो, त्या नव्यानं कुणाला फुली मारली, तर हात नापास करण्याआधी तो हात ज्याचा आहे त्याला विचारा.