खैरबोडीच्या वेबसाइटची किल्ली

वारलूभाऊंनी यादी पुन्हा वरपासून खाली सरकवली. कराची होतं, काठमांडू होतं, कोलकाता होतं. चंद्रपूर मात्र कुठेच नव्हतं, गोंडपिपरी तर दूरच राहिली. 'वेळेसाठी आपले शहर निवडा,' एवढंच मोबाइल म्हणत होता आणि त्याखाली जगभरची गावं उतरली होती.

"कोलकाता टाकू काय गा?" त्यांनी शेजारच्या हेमराजला विचारलं. हेमराज तळ्याच्या पाळीवर गळ टाकून बसला होता.

"आपन कोलकात्यात कुठी राह्यतो? उद्या कोनी साहेब आला तं म्हणन, गाव इथी अन् कागदावर बंगालात!"

"मंग काय टाकू?"

"राहू द्या ना तसंच."

वारलूभाऊंनी तसंच राहू दिलं, पण मनाला ते पटलं नाही. पन्नाशी उलटल्यावर प्रौढवर्गात बसून ते अक्षरं शिकले होते. अक्षरं लागत होती, शब्दही लागत होते. पण हे शब्द विचारत काय होते तेच कळत नव्हतं.

ही वेबसाइट खैरबोडीच्या ग्रामसभेची. गावाच्या वाट्याच्या जंगलातला तेंदूपत्ता दरवर्षी ग्रामसभा विकायची. त्याची सूचना कुठेतरी कोपऱ्यात छापून यायची आणि तोच तो ठेकेदार येऊन त्याच्या मनाचा भाव सांगून जायचा. बाकीच्यांना कळायचं तेव्हा पत्ता उचलून झालेला असायचा. म्हणून यंदा गावाने ठरवलं, सूचना आपल्याच वेबसाइटवर टाकायची. गोंडपिपरीच्या संस्थेतल्या पुनमबाईंनी ती बनवून दिली. "बाकी बारीकसारीक सेटिंग तेवढी भरा भाऊ," म्हणाल्या आणि नागपूरला ट्रेनिंगला गेल्या. तेव्हापासून त्यांचा फोन बंद होता.

आणि वारलूभाऊंनी सिरोंच्याकडच्या ठेकेदारांना फोन करून शब्द देऊन टाकला होता, "सोमवारी पाहा जी. वेबसाइटवर दिसते."

पासवर्ड त्यांच्याच हाती काऊन, असं कोणी विचारलं नाही. गावाच्या तेंदूपत्त्याच्या गोदामाची किल्ली वर्षानुवर्षं त्यांच्याच करदोड्याला होती. किल्ली त्यांच्याजवळ असली तरी चौघं जमल्याशिवाय त्यांनी कुलपाला कधी हात लावला नव्हता. गावाची रीतच तशी. चौघांनी पाहायचं, मग दार उघडायचं.

पण मोबाइलला ही रीत कोण सांगणार? तो एकट्या वारलूभाऊंनाच विचारत सुटला होता. साइटचं नाव काय? थोडक्यात ओळख काय? आठवडा कोणत्या दिवशी सुरू होतो? हे शेवटचं त्यांना लगेच आलं. बाजाराच्या दिवसापासून, आणखी कधी? त्यांनी बाजाराचा वार निवडला आणि जरा हुरूप आला.

पुढच्या प्रश्नाने तो घालवला. 'नवीन सदस्यास कोणता अधिकार द्यावा?' खाली चार शब्द होते. वाचक, लेखक, संपादक, ॲडमिन.

"हेमराज, यात खालचा कोनता अन् वरचा कोनता?"

"ॲडमिन वरचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात असते ना, थोच."

वारलूभाऊ विचारात पडले. ग्रामसभेत एकाला वाचक म्हणायचं अन् एकाला ॲडमिन, हे कसं व्हायचं? सगळ्यांच्या माना हलल्याशिवाय जिथे ठराव लिहीत नाहीत, तिथे खालचा कोण? त्यांनी ॲडमिन निवडलं. 'कोणीही सदस्य होऊ शकतो' यावर टिचकी मारली आणि सेव्ह केलं. संध्याकाळी गावात सांगूनही टाकलं, सगळ्यांनी आपापलं नाव टाका, गाव आपलं आहे.

गावाने मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी वारलूभाऊंनी पाहिलं तर 'खैरबोडी ग्रामसभा' हे नाव जाऊन 'जय खैरबोडी' झालं होतं. दुपारी 'खैरबोडी महिला बचत गट' झालं. ती दिव्यानीबाईंची करामत, त्या गटाच्या अध्यक्ष. कुणीतरी शहर कोलकाता केलं, ते हेमराजने पाळीवर बसूनच काढलं. सगळ्यात वर अंकुशच्या बैलाचा फोटो आला. पाठीवर झूल, कपाळावर गोंडा.

"अंकुश, आपन बैल विकून राह्यलो काय?"

"नाई जी. रिकामी जागा दिसली, लावून देल्ला. चांगला नाई दिसत काय?"

चांगला दिसत होता, यात वाद नव्हता. पण सूचना कुठे टाकायची? वारलूभाऊ एक गोष्ट सरळ करत तोवर दुसरी वाकडी झालेली असायची. आपण मोबाइल चालवतो की मोबाइल आपल्याला, हेच त्यांना उमगेना. ते सकाळी पाळीवर जात, अंधार पडता परत येत. रेंज तिथेच होती. ताटातलं तसंच राहायचं. बायको रुखमाबाई काही बोलायची, ते हूं म्हणायचे.

रविवारी सकाळी त्यांनी पान उघडलं तर एकच ओळ आली. 'आपणास हे पान पाहण्याची परवानगी नाही.'

त्यांनी पुन्हा उघडलं. पुन्हा तेच.

सोमवार उद्यावर होता, पण त्याहून दुसरंच काहीतरी टोचत होतं. एवढ्या वर्षांत गावात कोणी त्यांच्यावर बोट ठेवलं नव्हतं. आज कोणीतरी, तोंडाने न बोलता, त्यांना दाराबाहेर काढलं होतं. कोण? आणि काऊन?

दुपारी त्यांनी समाजमंदिरात लोक जमवले. करदोड्याची किल्ली सोडली आणि सतरंजीच्या मधोमध ठेवली.

"मले वेबसाइटीतून काढलं. ज्याले माह्यावर भरोसा नाई त्यानं तोंडावर सांगा. किल्ली थे राह्यली."

हेमराज म्हणाला, "म्या फक्त कोलकाता काढलं, भाऊ. आईची आन." दिव्यानीबाईंनी नकाराची मान हलवली. अंकुश म्हणाला, "माह्या बैलाशिवाय म्या कशालेच हात नाई लावला."

"म्या काढलं."

आवाज बायकांतून आला. रुखमाबाई डोक्यावरचा पदर नीट करत होती.

"तू?"

"मंग काय करू? चार दिवस झाले, तुमच्या पोटात अन्न नाई. भाताले हात लावत नाई, नुसतं त्या काचेले बोट घासता. नाव म्याही टाकलं होतं. कपडे धुवाले पाळीवर गेली होती, तिथी माह्या मोबाइलात उघडलं. तुमच्या नावापुढं फुली दिसली, दाबून देल्ली. म्हटलं, सुटला बुढा."

समाजमंदिर हसायला लागलं. "बाई, घरचं भांडन ग्रामसभेत आनलं!" कोणीतरी ओरडलं.

वारलूभाऊंना हसावं की रागवावं कळेना. छातीवरचा धोंडा मात्र उतरला होता. "बरं, आता परत लाव मले."

"कशी लावू? फुली दाबाले येते. तिच्या उलट काय असते थे मले काय मालूम?"

सगळे तिच्या मोबाइलवर वाकले. कोणालाच ते सापडेना. शेवटी दिव्यानीबाई म्हणाल्या, "सोमवार उद्या आहे, भाऊ. ज्याच्या त्याच्या हाती दिलं तं उद्याही हेच होईन. किल्ली एकाजवळ पायजे. चौघं बसू, पन हात एकाचाच."

"कोनाचा?"

वारलूभाऊंनी किल्ली उचलली, करदोड्याला बांधली आणि म्हणाले, "गोदामाची माह्याजवळ राहू द्या. हे तिच्याजवळच राहू द्या. फुली तिलेच जमते."

माना हलल्या. रुखमाबाई, दिव्यानीबाई, हेमराज, अंकुश असे चौघं पाळीवर जाऊन बसले. रुखमाबाईने नावं वाचून दाखवावीत, बाकीच्यांनी हो म्हणावं आणि तिने फुली दाबावी. हेमराजने स्वतःच्या नावाला स्वतः हो म्हटलं. शेवटी 'कोणीही सदस्य होऊ शकतो' यावरची टिचकी काढली आणि ॲडमिन रुखमाबाई एकटीच उरली. मग दिव्यानीबाईंनी सूचना सांगितली, रुखमाबाईने बोटाने एकेक अक्षर टाकलं. साइटचं नाव पुन्हा ग्रामसभा झालं. शहर पुन्हा कोलकाता केलं, कारण घड्याळ त्यानेच बरोबर चालतं असं दिसून आलं. हेमराजला ते काही पटलं नाही, पण मान त्याचीही हलली.

सोमवारी वारलूभाऊ पाळीवर बसले होते. रुखमाबाईने फडक्यातली भाकर सोडली, आंबाडीची भाजी पुढे ठेवली. तेवढ्यात सिरोंच्याकडून फोन आला.

"सूचना दिसली, भाऊ. आम्ही लिलावाला येतो. पण एक सांगा, वर बैल कशाचा आहे?"

वारलूभाऊंनी रुखमाबाईकडे पाहिलं. तिने मोबाइल उघडला, बैलावर बोट ठेवलं, फुली शोधली. तिथे फुलीच नव्हती.

"थे मले पुसू नका जी," वारलूभाऊ फोनवर म्हणाले. "मले परवानगी नाई. अन् मी आता जेवून राह्यलो."