मजबूत हाडं

प्रयोगशाळेत सगळे तिला उंदीरबाई म्हणत. घरी थोरल्या जाऊबाई काय म्हणत ते लिहिण्याजोगं नाही. उंदरिणींच्या खाद्यात मासळीचा चुरा असे. तो वास तिच्या केसांतून थेट जेवणाच्या टेबलावर यायचा.

"अगं, माणसांत यायच्या आधी आंघोळ तरी करत जा!" जाऊबाईंनी नाक दाबलं. नवरा हसला. ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं.

नवा प्रयोग मांडताना तिने बिनवासाचं, निव्वळ वनस्पतींचं खाद्य मागवलं. तेवढ्यावर घरात शांतता मिळत असेल तर सौदा वाईट नव्हता.

मग उंदरिणींचे अंडाशय काढले. त्यांतून पाझरणारं इस्ट्रोजेन आटलं की हाडं पोखरली जातात. तिचं औषध ती झीज थांबवतं का, एवढंच बघायचं होतं. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. तिची पीएचडी या एका प्रयोगावर टांगलेली.

शेवटी उंदरिणी मारून मांडीची हाडं यंत्राखाली धरली. औषधवाल्यांची मजबूत! ती हरखली. मग पाणीवाल्यांची धरली. तीही तेवढीच मजबूत. इस्ट्रोजेनविना सुकून दोऱ्यासारखी व्हायला हवी होती ती गर्भाशयंसुद्धा चांगली बाळसेदार.

"खायला काय घालत होतीस?" तिच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं.

"सोयाबीनचं... वास नको म्हणून."

"अगं बाई! पेशींमध्ये इस्ट्रोजेनसाठी राखलेल्या जागा असतात, ग्राही. सोयातला तोतया आला तरी त्या त्याला बसवून घेतात. एका हाताने काढलंस आणि दुसऱ्या हाताने वाढलंस की!"

हे तिला ठाऊक होतं. परीक्षेत या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले होते. पण खाद्य मागवताना डोळ्यांसमोर फक्त जाऊबाईंचं नाक होतं.

"मग सोयावरच लिहू का, सर?"

"तुलनेला सोयाविना वाढलेल्या कुठायत?"

नव्हत्या.

"मुदतवाढ?"

"ती घेऊन झाली. सोमवारपासून पिंजरे दुसऱ्या विभागाकडे."

"औषध चालत असेल का हो?"

"असेलही." सर चष्मा पुसत राहिले. "आता ते कोण बघणार?"

ते गेल्यावर तिने हाडं जाळायच्या पिशवीत भरायला घेतली. एक हातात राहिलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, मग टेबलाच्या कडेवर टेकवून सगळा जीव एकवटून दाबलं. मोडेना.