निळी केबल

रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातल्या सर्व्हरसाठी आमच्याकडे एकच रामबाण औषध होतं. मागची निळी केबल काढायची, दहापर्यंत मोजायचं आणि पुन्हा लावायची. शोध नानांचा, म्हणजे आमच्या मुख्य तंत्रज्ञांचा. कॉलची गर्दी झाली की सर्व्हरचं नेटवर्क जायचं, केबल काढून लावली की यायचं. मग मी वहीत लिहायचे, 'ठीक झाले.' का गेलं होतं, हे तीन वर्षांत कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि पगार मला त्याचाच मिळतो.

मंगळवारी दुपारी शीतगृहातून विषारी वायू सुटला. पहिला कॉल आला आणि मी आधी पत्ता बघितला. शीतगृहाच्या मागच्याच गल्लीत माझ्या दादाचं लेथचं वर्कशॉप आहे. वायू गल्लीबोळांत पसरला, कॉल धडाधड वाढले आणि सहाही ऑपरेटरांचे पडदे थिजले. कॉल रांगेत अडकले. गाड्या तयार, पण कुठल्या दारात जायचं ते कुणालाच कळेना.

मी दादाला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज.

नानांनी केबल काढली, दहा मोजले, लावली. हिरवा दिवा लागला आणि नेटवर्क लगेच गेलं. त्यांनी पुन्हा काढली. तिसऱ्यांदा घाईघाईत केबल खाचेत बसेना.

"येईल गं, नेहमी येतं," ते म्हणाले.

"नाना, राहू द्या. केबलला काही झालेलं नाही."

मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. खालपासून वरपर्यंत एकच ओळ होती: तक्ता भरला, नवी जोडणी नाकारली. सर्व्हर प्रत्येक जोडणीची नोंद एका तक्त्यात ठेवतो. तक्ता भरला की नव्याला दार बंद. मी तक्त्याची मर्यादा बघितली. तो आकडा माझाच होता. चाचणीला दोनच गाड्या होत्या, तेव्हा 'तात्पुरता' म्हणून मी टाकला होता. आता गाड्या चाळीस होत्या. एरवी केबल काढेपर्यंत गर्दी ओसरायची, नोंदी रिकाम्या व्हायच्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडायची, आणि आम्ही कावळ्याचे आभार मानायचो. आज गर्दी ओसरत नव्हती.

मी आकडा वाढवला. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

पडदे भरले, गाड्या सुटू लागल्या. रांगेत वरून चौथा नंबर दादाचा होता. वीस मिनिटांत त्याने अकरा वेळा फोन केला होता. म्हणून एंगेज होता तो. मी ऑपरेटरचा हेडफोन ओढून कानाला लावला.

"नियंत्रण कक्ष," माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्यालाही नाही.

"ताई, किती वेळ लावतोय मी," तो खोकत म्हणाला. दादा जिवंत होता. मी डोळे मिटले. "माझा कारागीर होता. श्वास चालू होता त्याचा, मी सांगत होतो त्याला, गाडी येतेय म्हणून."

"पाठवलीय, निघालीच आहे गाडी."

"येऊ दे सावकाश," दादा म्हणाला. "आता घाई नाही."

नानांनी वही माझ्यापुढे सरकवली.